खळवाडीतली नावं

आमच्या गावठाणाच्या नकाशात उत्तरेच्या कोपऱ्याला एक तुकडा आहे, त्यावर 'खळवाडी' असं लिहिलंय. धरणग्रस्तांच्या नव्या गावठाणात ज्या १८ नागरी सुविधा द्यायच्या म्हणून ठरल्या, त्यात पाणी, शाळा, रस्ते, स्मशानभूमी, गायरान यांच्या जोडीला खळवाडीही आली. सगळ्या गावानं मिळून मळणी करायची जागा. पण आम्हाला आणून बसवलं ते वाळवा-मिरजेच्या सीमेवरच्या उसाच्या पट्ट्यात. उसाची मळणी कोण करतंय? वर्षानुवर्षं त्या तुकड्यात वेड्या बाभळी, मोडक्या ट्रॉल्या आणि लग्नातल्या पत्रावळ्या एवढंच होतं. आता तिथं पहिल्या रहिवाशांच्या नावांचं स्मृतिवन आहे. ते कसं उभं राहिलं हे लिहून ठेवतोय, कारण आसपासच्या पुनर्वसित गावांतली माणसं चौकशीला येतात आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसलं की माझ्या दुकानातली रांग रस्त्यावर जाते.

दुकान म्हणजे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं. सातबारा, आठ अ, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, धरणग्रस्त दाखल्याचा अर्ज. गावातला प्रत्येक कागद कधी ना कधी माझ्या काचेवर पालथा पडतो. नावांच्या यादीचं काम माझ्या गळ्यात पडलं ते त्यामुळंच, दुसरी कुठली लायकी म्हणून नव्हे.

आम्ही वारणेचे धरणग्रस्त. शिराळा तालुक्यात चांदोलीला जे ३४ टीएमसीचं धरण झालं, ज्याच्या जलाशयाला वसंत सागर म्हणतात, त्याच्या पाण्याखाली आमची घरं, खाचरं आणि नदीकाठचं देऊळ गेलं. वरचं रान १९८५ ला अभयारण्य झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. म्हणजे पाण्यानं जे ठेवलं ते वाघाला गेलं. ऐंशीच्या दशकात ट्रकातून आम्ही खाली उतरलो तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. डोंगरातला पाऊस बघितलेल्या माणसांना इथला पाऊस म्हणजे नुसता शिडकावा वाटायचा. मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम भरून घेऊन जमीन मिळाली. कुणाला चांगली, बऱ्याच जणांना चोपण, म्हणजे क्षारानं बिघडलेली. घरं बांधून होईपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं. ओळीनं शेड, मध्ये बांबूचे तट्टे, एका शेडमधलं भांडण चार शेडला ऐकू जायचं.

वारणा पुढं सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. आमचं जुनं गाव ज्या पाण्याखाली आहे तेच पाणी सोडलं की खाली आमच्याच शिवाराच्या कडेनं जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ते आमच्या खालच्या आळीत शिरलं. नुकसान घरोघरचं होतं, पण ट्रंका भिजल्या ते वेगळंच. पूर ओसरल्यावर दुकानात जे कागद आले ते हातात धरवत नव्हते. भूसंपादनाच्या सेक्शन चारच्या नोटिसा, ६५ टक्क्यांच्या पावत्या, शेडचे नंबर लिहिलेले पुठ्ठे, सगळ्याचा लगदा. लोक म्हणायचे, बघ काय निघतंय का. दोन कोरे कागद वर-खाली ठेवून इस्त्री फिरवायची आणि जमेल तेवढं स्कॅन करायचं, असं मी कितीतरी दिवस करत होतो. त्याच्या पुढच्या दोन वर्षांत कोरोनानं म्हातारी माणसं नेली. कागदही गेले आणि कागद वाचून दाखवणारेही गेले, तेव्हा सरपंच वहिनींनी चावडीत विषय काढला की पहिल्या माणसांची नावं कुठंतरी दगडात कोरून ठेवूया.

पहिला प्रश्न जागेचा. तरुण पोरांचं म्हणणं, गायरानात करू, मोप जागा हाय. ते बसत नव्हतं. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांबद्दल निकाल दिला आणि त्याच वर्षी १२ जुलैला राज्य सरकारनं गायरानं दुसऱ्या वापराला देण्यावर बंधनं घालणारा निर्णय काढला. चांगल्या कामासाठी का असेना, गायरानात विटा टाकल्या की पुढं नोटीस येणार. मग खळवाडी आठवली. ती सुविधेचीच जागा, फक्त सुविधा कालबाह्य झालेली. अडचण एकच, कागदोपत्री ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात कधी आलीच नव्हती. गाव बसून एक पिढी उलटली, शाळेत पोरं शिकून बाहेर पडली, पण हस्तांतरणाची यादी एका कार्यालयातून निघालेली दुसऱ्यात पोचलेली नव्हती. तिथल्या बाबूंना मी दोष देत बसत नाही. दर बदलीला नवा माणूस येतो आणि त्याला फाइल पहिल्या पानापासून वाचायची असते. ज्या गावांना हे करायचंय त्यांना एवढंच सांगतो: अर्जासोबत गावठाणाचा मंजूर नकाशा, मोजणीची क प्रत (जागेच्या सरकारी मोजणीचा नकाशा) आणि ग्रामसभेचा ठराव एकत्रच जोडा. एकेक कागद नंतर देत बसलात तर प्रत्येक कागदाला वेगळा आवक नंबर पडतो आणि ते नंबर पुन्हा एकमेकांना भेटत नाहीत.

ग्रामसभा १ मेची. उन्हानं माणूस बाहेर पडत नाही, त्यात ऊसतोड नुकती संपलेली. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते लागतं. बहुतेक गावांत सभा तहकूब करतात आणि नंतर तीच सभा गणपूर्तीशिवाय उरकतात. वहिनी म्हणाल्या, हा ठराव तहकूब सभेत घ्यायचा नाही, उद्या कुणी बोट दाखवील. स्पीकरवरून पुकारलं, पोरं घरोघरी पाठवली, आणि सभा भरली. ठराव एकमतानं झाला. एकमत होणारच होतं, कारण तोवर नावं कुणाची हे कुणी विचारलंच नव्हतं.

मला वाटलं होतं यादी तयारच आहे. प्रत्येक धरणग्रस्त गावाचं एक संकलन रजिस्टर असतं. कुणाची किती जमीन गेली, किती द्यायची, किती दिली, सगळं त्यात. त्याच्या नकला मी आयुष्यभर लोकांना काढून देत आलोय. नावं तिथून उचलायची, टाइप करायची, पाथरवटाला द्यायची. पहिला मसुदा मी असाच केला आणि शेजारच्या आक्काला वाचून दाखवला. आक्का नव्वदीला टेकलेली, पण कान शाबूत.

"ह्यात मी कुठं हाय रं? दाव की."

रजिस्टरात तिच्या मालकाचं नाव होतं, गट नंबर होता, बुडालेलं क्षेत्र होतं, आणि 'कुटुंबातील माणसे' या रकान्यात ७ असा आकडा होता. मी त्या आकड्यावर बोट ठेवलं. म्हटलं, ह्या सातात.

"सातात कितवी?"

मला हसू आलं आणि मग येईना. ती पानं मी शेकडो वेळा हाताळलेली. त्या रजिस्टराला जमीन मोजायची होती, माणसं नव्हे. घरात जास्त माणसं असतील तर जादा जमीन द्यावी लागते, म्हणून तो आकडा. नाव फक्त खातेदाराचं. एखादी विधवा सोडली तर खातेदार पुरुष. भूमिहीनांचं रजिस्टर वेगळं, त्यांना घराचा प्लॉट मिळाला पण कित्येक कागदांत ते नाहीतच. सुतार, न्हावी, गुरव, गावची कामं करणारी महार-मांगांची घरं, दुसऱ्याचं खाचर अर्धलीनं करणारी कुळं, ही सगळी त्याच ट्रकांतून आलेली. रजिस्टर बघून दगड कोरला असता तर तो स्मृतिस्तंभ झाला नसता, सातबाऱ्याचा उतारा झाला असता.

म्हणून यादी नव्यानं करायची ठरली. कसोटी साधी ठेवली: पहिल्या पावसाळ्यात जो शेडमध्ये झोपला तो पहिला रहिवासी. मग तो खातेदार असो, त्याची सासू असो की अंगावरचं पोर असो.

पुरुषांची बैठक मारुतीच्या देवळात घेतली, ती भावकीवर घसरली. कुणाचं घर आधी उठलं, कुणी शेवटपर्यंत नोटीस घेतली नाही, कुणी मोर्चात लाठी खाल्ली आणि कुणी साहेबाला कोंबडं दिलं. 'आधी पुनर्वसन, मगच धरण' ही घोषणा कुणी पहिल्यांदा दिली यावरून दोन तात्या एकमेकांशी बोलेनासे झाले, ते अजून बोलत नाहीत. नावं मात्र तीस-चाळीसच्या पुढं सरकेनात. पुरुषांना आपापली भावकी आठवायची आणि दुसऱ्याचा अपमान.

खरी यादी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाली. वहिनींनी म्हाताऱ्या बायकांना आधी बसवलं, वाण नंतर दिलं, आणि मला वही घेऊन दारात बसायला सांगितलं. बायकांनी शेड आठवलेच नाहीत. त्यांनी हातपंप आठवला. पहिल्या वर्षी सगळ्या वस्तीला एकच हातपंप होता आणि पहाटे चारपासून घागरी लागायच्या. घागरींची ती रांग त्यांना तोंडपाठ होती. पहिली घागर अमकीची, तिला झोप नव्हती. तिच्यामागं कळशी आणि कळशीत लिंबाचा डहाळा टाकलेला, ती तमकी. मग दोघी जावा, एकीनं नंबर लावायचा आणि दुसरीनं भरायचं. एकीनं सुरू केलं की दुसरी तिला अडवायची, "अगं तिच्या मागं नव्हं, तिच्या म्होरं, तिचं पोट पुढं आलेलं, तिला म्होरं सोडायचो आपण." पोट पुढं आलेली म्हटल्यावर ते मूल कोण, हे निघालं. शेडमध्ये जन्मलेल्या पोरांची यादी अशी आपोआप झाली, आणि त्याच शेडमध्ये गेलेल्या पोरांचीही. ती मी वेगळ्या पानावर लिहिली. त्या पानावर बरीच नावं नव्हती. बारसं व्हायच्या आधीच गेलेली.

बायकांची अडचण वेगळी. निम्म्याजणी एकमेकींना माहेरच्या गावानं ओळखायच्या. झोळंबीची, गोठण्याची, ढाकाळ्याची. खोऱ्यातली ती गावंही आता उठलेली. खरं नाव विचारलं की दोन निघायची, एक माहेरचं, एक लग्नात ठेवलेलं. कुठलं कोरायचं? आम्ही ठरवलं की जिवंत असेल तिनं सांगावं, नसेल तर तिच्या लेकीनं. सुनेनं नव्हे. सुनांनी तेव्हा नाकं मुरडली, पण हा नियम मला अजूनही योग्य वाटतो.

पुरुषांच्या नावांतही गोम होती. रजिस्टरात काही नावांपुढं राव, बा, जी लावलेलं आणि काही नावं नुसती तोडलेली. कुठली तोडलेली ते तुम्हाला सांगायला नको. एकाच वयाची, एकाच ट्रकातून आलेली दोन माणसं. एक धोंडीराव आणि एक धोंड्या. लेखनिकानं घरातली हाक लिहिली असेल म्हणावं तर पहिल्याची घरातली हाकही धोंड्याच होती. मग नातवंडांना विचारून पूर्ण नाव घेतलं.

मुंबईकरांचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. आमच्या खोऱ्यातला घरटी एक माणूस मुंबईत. आधी गिरणीत, नंतर मार्केटला माथाडी. पहिल्या पावसाळ्यात ते इथं नव्हतेच. शेडमध्ये झोपले नाहीत, पण घराचा पहिला पत्रा त्यांच्याच मनिऑर्डरीचा. कसोटी लावली तर ते बाहेर. गावातले नाना म्हणाले, "माझा भाऊ पाठीवर गोणी वाहत होता म्हणून मी हितं विटा वाहिल्या." याच्यावर कुणी काय बोलणार? त्यांची नावं घ्यायची, पण कुठं आणि कशी, हे ठरेना.

आणि एक नाव आलं नाही. पुनर्वसनाची जमीन आकाशातून पडत नाही. लाभक्षेत्रातल्या, म्हणजे धरणाचं पाणी मिळणाऱ्या भागातल्या, मोठ्या खातेदारांची ठरावीक मर्यादेवरची जमीन स्लॅब लावून काढतात आणि धरणग्रस्तांना देतात. ज्याची गेली तो चिडलेला असतो, कोर्टात जातो, बांधावर कुऱ्हाड घेऊन उभा राहतो. हे सगळं आम्ही बघितलंय. पण इथं आधीपासून असलेल्या शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं, ज्याची स्वतःची काळी जमीन आमच्या वाट्याला आली होती, पहिल्या उन्हाळ्यात हातपंप आटल्यावर आमच्या बायकांना आपल्या विहिरीवर येऊ दिलं. त्यांचं नाव दगडावर घ्यावं असा मी प्रस्ताव मांडला. पडला. "आपला दगड आपल्या माणसांचा" असं ठरलं. मला ते पटलेलं नाही, आणि हे मी इथं लिहितोय ते वाचून गावातले काहीजण पुन्हा चिडतील, चिडू देत.

नमुने बघायला आम्ही थोडं फिरलो. किर्लोस्करवाडी आमच्या जिल्ह्यातच. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून औंध संस्थानाच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर आले. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि कारखान्याभोवती गाव वसलं. त्या गावच्या पहिल्या माणसांची आठवण नीट राहिली, कारण ती लिहून ठेवणारी माणसं पहिल्या दिवसापासून तिथं होती. आमच्याकडं लिहिणारा म्हणजे सरकारी लेखनिक. देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्यही बघितलं. उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं. तिथून येताना पोरांच्या अंगात वारं शिरलं. आपणही दाट जंगल करू.

दगडाच्या आकारावरून एकाला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, सुचला. आपल्याकडं देवळापाशी असतात तसा: खालच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेतायत, त्याच्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्याला चंद्र-सूर्य. त्यानं चित्रही काढून आणलं, खाली पाण्यात बुडणारं गाव, मध्ये ट्रक, वर नवं घर. नाना बघून म्हणाले, "स्वर्गाच्या जागी घरकुल काढतोस व्हय रं?" वीरगळ तिथंच बारगळला. चंद्र-सूर्य मात्र ठेवले, ते सगळ्यांना आवडले.

ग्रॅनाइट स्वस्त पडत होतं, मशिननं अक्षरं काढून दोन दिवसांत मिळत होतं. पण सिमेंटच्या भिंतीवर ग्रॅनाइट चिकटवायचं म्हणजे आमच्या जमिनीत धोका. इथं भिंतीला लोणा चढतो. खालची खारट ओल वर येते, वाळते, पांढरी पूड धरते आणि गिलावा पापुद्र्यानं सुटतो. शाळेच्या भिंती कंबरेएवढ्या सोललेल्या आहेत. म्हणून काळ्या दगडाच्या उभ्या शिळा घ्यायच्या, खाली मुरूम भरून उंच जोतं करायचं आणि जोत्यात सिमेंट कमीत कमी ठेवायचं असं ठरलं.

पाथरवट बाप-लेक आले. बाप कोरणार, लेक घासणार. दर अक्षराला. मी विचारलं, काना-मात्रेचं काय? म्हणाला, "काना-मात्रा तुमच्या पुण्याईत, जोडाक्षराला दीडपट." दगडावर आधी गेरूनं ओळ आखायचा, मग खडूनं नाव, मग छिन्नी तिरपी धरून कडेकडेनं हलके टोले. मधला भाग सगळ्यात शेवटी. रफार आला की थांबून फुंकर मारायचा. कड तिथंच तुटते, आणि तुटली की अख्खी ओळ पुन्हा घासायची. एका बाईचं नाव त्यानं कोरलं आणि मला म्हणाला, हिचं आडनाव? मी म्हटलं, नाही. कुणाचंच नाही.

हा क्रमाचा भाग सांगायचा राहिला. वर कोण, खाली कोण, यावरून गावं फुटतात. आम्ही आधी ठरवलं होतं की शेडच्या ओळीप्रमाणं नावं घ्यायची, म्हणजे मानपानाचा प्रश्न नाही. एका पोरानं, पुण्याला शिकणाऱ्या, सभेत विचारलं की शेडच्या ओळीत शेवटचे पत्रे कुणाचे होते? सगळे गप्प. जुन्या गावात ज्यांची घरं नदीच्या पलीकडं, नव्या गावात त्यांचे शेड कडेला, खळवाडीकडं. ओळीनं घेतलं तर दगडावरही तेच तळाला, चिखलाजवळ. मग पहिल्या नावाच्या अक्षरानं क्रम लावला, अ पासून ह पर्यंत, आडनावाशिवाय, बायका-पुरुष एकत्र. आपलं माणूस शोधायला आता सगळ्यांना सगळी नावं वाचावी लागतात. कुरकूर झाली की आमचं खानदान कसं कळणार. वहिनी म्हणाल्या, "कळू नये म्हणूनच."

झाडांचं प्रकरण थोडक्यात. म्हाताऱ्यांना फणस हवा होता, पोरांना जंगल. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून रोपं आणली, फणस आणि हिरडा मुद्दाम मिळवले. पहिल्या पावसाळ्यात पानं करपायला लागली, दुसऱ्या उन्हाळ्यात फणस एकूण एक गेला. कृषी सहायकानं माती तपासायला पाठवली. सामू (पीएच) साडेआठच्या वर, म्हणजे चोपण. त्यात सगळ्या बाजूंनी उसाचं पाटपाणी, खाली पाणी साचलेलं, फणसाची मुळं कुजणारच. कृष्णाकाठच्या कित्येक गावांत पाणी देऊन देऊन जमिनी अशाच गेल्यात. मग कडेनं निचऱ्याचे चर काढले, खड्ड्यातली माती बदलली, जिप्सम आणि शेणखत घातलं, मध्ये हिरवळीच्या खताचा ढेंचा पेरून गाडला. लावलं ते अर्जुन, करंज, जांभूळ आणि कडुनिंब. जांभूळ आमच्या खोऱ्यातलंच, त्यामुळं म्हाताऱ्यांची थोडी समजूत निघाली. चर खणताना निघालेल्या मुरमाचा ढीग एका बाजूला उंच झाला होता, त्यावर मावशींनी कुणाला न विचारता फणसाची आठळी टोचली. ती उगवलीय. पुढचं बघू.

जुन्या गावाहून दगड किंवा माती आणायची टूम निघाली होती. राष्ट्रीय उद्यानातून काही उचलून आणता येत नाही, कायद्यानं नाही आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाऊलही टाकता येत नाही. पण शोधायला लागल्यावर जुनं गाव इथंच घराघरांत निघालं. ट्रकात माणसं आणि देव चढवल्यावर उरलेल्या जागेत लोकांनी जाती, उखळं, पाटे-वरवंटे भरून आणलेले. कुणाचं जातं मोरीत, कुणाचं उखळ गुरांच्या पाण्याला. आता ती जोत्याभोवती मांडलीत. बसायची मांडवी उभी केली ती जुन्या घरांच्या फणसाच्या खांबांवर. मोडून आणलेले खांब नव्या आरसीसीच्या घरात कामाला आले नव्हते, माळ्यावर पडून होते. किडा लागलेला नाही एकालाही.

पैसे लोकवर्गणीचे. बोअर आणि पंपघर मात्र आमदार फंडातून झालं, आणि अशा कामावर नावाचा फलक लावावाच लागतो. ठराव तर असा झाला होता की पहिल्या रहिवाशांची नावं सोडली तर आवारात जिवंत माणसाचं नाव कुठंही येणार नाही. बाहेरच्या एका पुढाऱ्याच्या माणसांनी प्रवेशद्वारावर कोनशिलेची जागा मोजून नेली होती. चार दिवस फोनाफोनी चालली. शेवटी फलक पंपघरावर लागला, आणि पंपघर कुंपणाच्या बाहेर आहे असं ग्रामसेवकांनी नकाशावर दाखवून दिलं. कुंपण थोडं आत घ्यावं लागलं.

तीन शिळा उभ्या आहेत. दोन भरल्या, तिसरी अर्धी कोरी ठेवलीय, मुंबईकरांसाठी आणि ज्यांची नावं अजून निघतायत त्यांच्यासाठी. दगड बघून लोकांना आठवायला लागलंय, हे आम्ही धरलंच नव्हतं. कुणी मुलीच्या गावाहून फोन करतं, कुणी व्हॉट्सअॅपवर जुना फोटो टाकतं. बारसं न झालेल्या पोरांचं काय करायचं हा विषय पुढच्या ग्रामसभेवर आहे. आईच्या नावाखाली एकेक ठिपका कोरावा असं आक्काचं म्हणणं आहे, पाथरवट म्हणतो ठिपक्याचे पैसे घेणार नाही. त्या विहिरीवाल्या म्हाताऱ्याचं नाव मी पुन्हा विषयपत्रिकेवर टाकलंय. दिवाळीपर्यंत नावं घेणं चालू आहे. फॉर्म माझ्या दुकानात फुकट मिळतो. आधार कार्ड लागत नाही, दोन म्हाताऱ्या माणसांची साक्ष लागते, आणि त्यातली एक बाई पाहिजे.